सोमवारची प्रत

सोमवार, ४

नोकरीचा पहिला दिवस छान गेला, जीव भांड्यात पडला. कारखान्याच्या संगणक विभागात मी आणि आमचे साहेब, बस्स. त्यांना सगळे काका म्हणतात. बारा वर्षं याच खोलीत काढलेला, मिशीत हसणारा माणूस. कपाटाएवढ्या एका सर्व्हरमध्ये चाळीस आभासी मशीन, म्हणजे एकाच यंत्रातले चाळीस वेगळे संगणक, चालतात: गोदामाचं, वजनकाट्याचं, हजेरीचं. रविवारी सगळ्यांची पूर्ण प्रत काढायची, इतर दिवशी फक्त बदललेलं तेवढंच उचलायचं. वीस मिनिटांत काम फत्ते. दर बुधवारी एक प्रत उठवून, म्हणजे मशीन म्हणून सुरू करून, ती चालते का बघायची. काकांनी एकच गोष्ट तीनदा बजावली: प्रत उठवण्याआधी तिचं नेटवर्क तोडायचं, एका नावाची दोन मशीन एकत्र चालता कामा नयेत.

माझाही अंगठा हजेरीत घेतला. चिमणीला शाळेतून आणलं तर म्हणते, आई, आज तू फारच बोलतेयस. पाच वर्षांची, पण नुसती आजीबाई. तिचे बाबा जहाजावर, त्यामुळे घरात आम्ही दोघीच.

बुधवार, ६

आज शेण खाल्लं. हजेरीच्या मशीनची सोमवारची प्रत ऐंशी सेकंदांत उठवली आणि त्याच तोऱ्यात नेटवर्क तोडायचं विसरले. खरं मशीन आणि प्रत अर्धा तास एकत्र चालली. काका रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी दाराला आतून कडी लावली आणि विचारलं, सोमवारच्या प्रतीत कोणाकोणाचे अंगठे आहेत. मी म्हटलं, सगळ्यांचे, माझाही.

गुरुवार, ७

सकाळी दहाला दुसरे काका आले, मिशीसकट हुबेहूब तेच. फाटकावर अंगठा दिला, यंत्राने तो घेतला, आणि ते थेट आमच्या खोलीत. आमच्या काकांनी टेबलाखाली ठेवलेला हातोडा उचलला. त्यांनी तो हिसकावला, यांनी परत ओढला. दात कीबोर्डवर सांडले. पडलेल्याचा हात हलत होता तोवर उभा असलेला मारत राहिला. मग बेसिनमध्ये हात धुऊन त्याने मला सांगितलं, पूर्वीही एकदा असं झालंय. प्रत पुसून उपयोग नाही, आलेली माणसं परत जात नाहीत. एका नावाला एकच जागा. जो कचरतो तो मरतो.

रक्ताने शर्टाचा रंग कळत नव्हता. कोणते काका उरले, हे विचारायची हिंमत झाली नाही.

खाली पहारेकऱ्याने पहारेकऱ्याचा गळा आवळला.

शुक्रवार, ८

शाळेत फोन केला. बाई म्हणाल्या, चिमणीला तुम्हीच तर आत्ता घेऊन गेलात.

हातोडा पिशवीत घेतलाय. घरी जाताना रिक्षात लिहितेय. ती चिमणीला काही करणार नाही, तीही आईच — पण मला —

शुक्रवार, संध्याकाळ

सोमवारचं पान मी लिहिलं. पुढची तिने. वही तिच्या पिशवीत सापडली.

चिमणी, बाथरूममध्ये जा, कडी लाव — आम्ही दोघी एकदमच ओरडलो. तिने माझा खांदा मोडला. सुरी माझ्याकडे होती. सात वेळा. शेवटपर्यंत ती चिमणीचंच नाव —

चिमणी कडी काढत नाही. किती विनवलं. मी आई आहे गं. ती आतून म्हणते, काल झोपताना माझ्या कानात काय सांगितलंस ते सांग, मग उघडते.

रक्ताने पानं चिकटलीत. गुरुवार — गुरुवारच्या पानावर ते कुठेच —