खालच्या बांधावरची अळंबी

प्रिय बारक्या,

ताईच्या फोनवर तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षर लागलं नाही तर चिडू नकोस, छाटणीच्या कात्रीने बोटं वाकडी झालीत. आगीतून बाग अर्धी वाचली. जळक्या खोडांनाही बुंध्यातून फूट येतेय. सुतारकाकांनी त्यांचा जळलेला कारखाना पुन्हा उभा केलाय, पण माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

रविवारी ताई आली होती. शाळेतल्या मुलांना दाखवायला अळंबी हवी म्हणून जळक्या उतारावर हिंडत होती, मी तिच्या मागे. वर, तू फांद्यांचा ढीग पेटवला होतास तिथे, बटणाएवढी केशरी अळंबी गोल रिंगण धरून उगवलीय. ताई म्हणाली, आग नुसती पळत गेली तिथे ही येत नाही; विस्तव तासन्‌तास बसून राहिला, तिथेच येते. मग ती खाली विहिरीकडे उतरली आणि थबकली. खालच्या बांधावरही तसंच रिंगण होतं.

"बाबा, इथे कोणी ढीग पेटवला होता?"

थाप मारता आली असती. आठ महिने गप्प बसून दुसरं काय केलं होतं? पण तिचे डोळे थेट तुझ्या आईचे. म्हटलं, "मी."

त्या दुपारी तू जेवायला गेलास तेव्हा मी खाली काटक्या पेटवल्या, दोन बादल्या पाणी मारलं आणि विझलं समजून घरी येऊन आडवा झालो. वारा खालून वर होता. सुतारकाकांचा कारखाना आपल्या दोन ढिगांच्या मधे. तुझी ठिणगी वाऱ्याविरुद्ध खाली कशी येईल? हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, पोरा. पण माझा ढीग कोणी पाहिला नव्हता, तुझा सगळ्यांनी. लोकांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी बुटांकडे पाहत राहिलो.

काल सुतारकाकांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ रंधा मारत राहिले. मग म्हणाले, "हे आधी त्याला सांगायचं." म्हणून लिहितोय. सोमवारी अग्निशमन कार्यालयात लेखी जबाब देणार आहे. ताई म्हणते, वयाचा विचार करा, थोडं थांबा. नाही थांबणार. तू परत ये, असं म्हणायचा हक्क मी घालवलाय. जबाबाची नक्कल तेवढी पाठवतो. तिकडे कोणी त्या आगीबद्दल विचारलंच, तर पुढे कर. खाली सही माझी असेल.

तुझाच अपराधी,
बाबा