घडीले वाटलं मी पडली

मारेगाव

चि. संघदीप,
आईचा जयभीम. हे पत्र पुण्याले टाकणार नाही, म्हणून खरं लिहून राह्यली.

तू पाठवलेली हातातली घडी, माणूस पडलं का तुह्या मोबाइलवर सांगते. काल दुपारी तुहा घाबऱ्याघाबऱ्या फोन आला, "आई, पडली काय? बोल ना!" मी म्हटलं, हात दाराले लागला. लबाड बोलली, बापा. मी अंगणात तूर झोडपून राह्यली होती. काठीचा दणका असा जबर बसला का घडीले वाटलं, माणूसच कोसळलं! बहात्तराव्या वर्षी! शेजारची लीलाबाई त हासूहासू खाली बसली.

सांगतलं असतं त तू काठी सोडाले लावली असती, मले पुण्याले नेलं असतं. मांगच्या साली छातीचे ठोके बिघडले तवा याच घडीनं तुले कळवलं, म्हणून मी वाचली. ते इसरली नाही. झोडपताना बी घडी काढत नाही.

या तुरीची डाळ पाठवीन, लीलाबाईच्या घरची म्हणून. वरण गोड लागलं त समजून घेजो, तुही आई अजून उभी हाये.

तुही,
सत्यभामा