डॅशबोर्डच्या खोट्या हरकती आणि माझं संध्याकाळचं फिरणं

प्रिय मेहुणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? (ते पुस्तकांचं कपाट एकट्याने उचलू नका म्हणून मी बजावलं होतं. असो.) आम्ही इथे, म्हणजे तुमच्या मागच्याच गल्लीत, ठीक आहोत. तुमची ताई खुशाल आहे. गाडी खुशाल नव्हती आणि तिच्यापायी मीही नव्हतो.

मेहुणेबुवा, मी उभी हयात हिशेब तपासण्यात घालवली. लोकांच्या कामावर हरकती काढायच्या हीच माझी नोकरी. पण पुराव्याशिवाय एक जरी हरकत काढली असेल तर मिशी उतरवून देईन. आणि या गाडीने काय करावं? मागल्या आठवड्यात ताईला घेऊन निघालो, तर चावी फिरवताच समोर पिवळा दिवा : इंजिनात बिघाड. शेजारी लाल : एअरबॅग नादुरुस्त. मग ब्रेकचा, स्टिअरिंगचा, चाकात हवा कमी असल्याचा. गाडीला एवढे अवयव असतात हे मला त्या दिवशी कळलं. मी काही बेजबाबदार माणूस नाही. एअरबॅगच्या धास्तीने तुमच्या ताईला मागे बसवलं आणि पोटाशी उशी धरायला लावली. ब्रेकच्या धास्तीने गाडी इतकी हळू चालवली, की पुढे निघून गेलेल्या एका सायकलवाल्या आजोबांनी थांबून "पेट्रोल संपलं का हो?" असं आपुलकीने विचारलं. हवा तपासून घेतली, ती चारही चाकांत हवी तेवढी! घरी परतलो, तेवढ्यात दार उघडं असल्याचा दिवा लागला. मी एकेक दार असं आपटलं, की तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी खिडकीतून हात जोडले. (आत खुर्चीवर पेशंट आ करून बसला होता.) दिवा जागचा हलला नाही. वर तुमची ताई मागून, उशीसकट, म्हणते की दिवे लागले म्हणजे काहीतरी असणारच. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिचा विश्वास दिव्यांवर! माझा नुसता तिळपापड झाला.

शेवटी मेकॅनिककडे गेलो. त्याने बॅटरीला मीटर लावला, मला चावी फिरवायला सांगितली आणि आकडा घसरताना बघून म्हणाला, "साहेब, बाकी सगळं ठणठणीत आहे. बॅटरी गेलीय फक्त." झालं होतं असं, की हल्लीच्या गाड्यांत जागोजागी छोटे कॉम्प्युटर बसवलेले असतात. बॅटरी अशक्त झाली, की गाडी सुरू होताना त्यांना पुरेशी वीज मिळत नाही, आणि मग जो तो आपलं खातं बिघडल्याची बोंब ठोकतो. अहो, उपाशी आहात तर सरळ उपाशी आहे म्हणा, ब्रेकवर आळ कशाला? आणि बॅटरीचा स्वतःचा दिवा? तो गप्प! तो म्हणे चार्जिंग होत नसेल तरच लागतो. असली सबब आमच्या ऑफिसात कुणी देऊन बघायची होती.

नवी बॅटरी बसली, दिवे विझले, विषय संपला. पण नाही. त्या भल्या माणसाने काही कारण नसताना, तुमच्या ताईच्या देखत विचारलं, "गाडी बंद ठेवून रोज कुणी रेडिओ ऐकतं का? त्यानेच उतरते बॅटरी." मी तडक सांगून टाकलं, की आमचे मेहुणे कपाट आणायला आमची मोठ्या डिकीची गाडी घेऊन गेले होते, डिकीचा दिवा त्यांच्याच हातून चालू राहिला असणार. ताई उशी घेऊन गाडीत जाऊन बसली. लोभ आहेच, तो हे वाचल्यावरही राहावा.

तुमचा संतप्त,
दाजी

ता. क. ताईने विचारलं तर डिकीच्या दिव्याचं कबूल करून टाका. तुम्ही धाकटे, तुम्हाला ती दोन शब्द बोलून सोडून देईल. माझं तसं नाही. डॉक्टरांनी मला संध्याकाळी तासभर चालायला सांगितलं आहे. मी रोज तिच्यासमोर बूट घालून निघतो आणि खाली येऊन गाडीत गाणी ऐकत बसतो. निवृत्त झाल्यापासून घरात जिथे उभा राहीन तिथे कुणाच्या तरी मध्ये येतो. इथे येत नाही. हा तास गेला तर मला फार वाईट वाटेल.

ता. क. २. हे पत्र गाडीतच लिहिलं. आतला दिवा, पंखा, रेडिओ, सगळं लावून. गाडी आठवडाभर जागची हललेली नाही, माझी संध्याकाळ मात्र एकही चुकलेली नाही. आत्ता गाणं मध्येच बंद पडलं आणि चावी फिरवली तर नुसतं टकटक. नवीकोरी बॅटरी, मेहुणेबुवा! फोन वर राहिला आहे. (फिरायला जाताना फोन न्यायचा नाही, हा नियम माझाच.) पत्र पहारेकऱ्याच्या हाती पाठवतो. तुमची गाडी आणि बॅटरीला बॅटरी जोडायच्या त्या लाल-काळ्या वायरी घेऊन तातडीने या. हॉर्न वाजवू नका आणि आमच्या गॅलरीकडे तर मुळीच बघू नका.

ता. क. ३. पहारेकऱ्याला हाक मारतच होतो, तेवढ्यात तुमची ताई खाली आली. येताना ती उशी घेऊन आली आणि माझ्या पाठीशी लावून शेजारी बसली. म्हणते, रोज गॅलरीत गाणी ऐकू येतात, आज मध्येच का थांबली ते बघायला आले. तुमच्या डिकीच्या दिव्यावर तिचा क्षणभरही विश्वास बसला नव्हता. तेव्हा लवकर या, हॉर्न वाजवला तरी चालेल. तिलाही पुढची गाणी ऐकायची आहेत.