बावीस आवर्तनांची शांतता

आई, परवा धाराशिवला आमचा कार्यक्रम झाला. शाळेच्या हॉलमध्ये आम्ही चौघं: व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि माझी गिटार. वीस मिनिटांची पाश्चात्त्य शास्त्रीय रचना, सूर न् सूर कागदावर लिहिलेला. तुझ्या भजनासारखं इथं कुणी चुकलं की सगळ्यांनी मिळून ध्रुपदावर परतायची सोय नाही. ढोकीहून तुझ्या भजनी मंडळातल्या बायका जीप करून आल्या आणि थेट दुसऱ्या रांगेत बसल्या. मला तेव्हाच धडकी भरली.

या रचनेत मधे गिटार आणि चेलो बावीस आवर्तनं गप्प राहतात आणि मग दोघं एकदम सुरू होतात. तोवर नुसतं मनात मोजायचं. मी पंधरा वर्षं मोजते आहे आणि त्याचा मला तोरा आहे. चेलो वाजवणारी मुलगी मात्र नवी. परवाचं नीट झालं तर तिला पुढच्या दौऱ्याला घ्यायचं ठरलं होतं. मी मोजते आहे, अठरा, एकोणीस, आणि समोर तुझी मैत्रीण पदरानं डोळे पुसते आहे. मी एक आवर्तन आधीच घुसले. मुलगी बरोबर तिच्या वेळेला आली, पण माझ्या मागून आली, त्यामुळं तिलाच उशीर झाल्यासारखं वाटलं. घाबरून तिनं मला गाठायला उडी मारली आणि व्हिओला डळमळला.

आत आल्यावर आमचा संच बसवणाऱ्या सरांनी विचारलं, "कोण चुकलं?" मी तारा पुसत राहिले. मुलगी म्हणाली, "मीच असेन, सर." तेवढ्यात तुझ्या मंडळातल्या बायका आत आल्या. "लई ग्वाड वाजिवलंस बग. तुजी आई पायजे होती आज. ती पोरगीच जरा गडबडली, व्हय?" ती पोरगी हातभर अंतरावर उभी होती. मी म्हणाले, "व्हय."

तुझ्या मंडळात चुकलेली बाई टाळ खाली ठेवून "माजं चुकलं" म्हणायची आणि लगेच पुन्हा उचलायची, एवढं साधं होतं ते. दहा वर्षांची असताना मी ताल सोडला आणि शेजारच्या पोरीकडं बोट दाखवलं, तेव्हा तू भर मंडळात कडाडलीस, "तिच्याकडं काय बगतीस? तुजा टाळ ठिव खाली!" दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नव्हते. तुझं बरोबर होतं हे कळत असूनही बोलले नव्हते.

काल सरांचा फोन आला, दौऱ्याला दुसरा चेलोवाला येतोय. मी "बरं" म्हणाले. आज सकाळी त्या मुलीचा मेसेज आला: "ताई, ती जागा मला एकदा मोजायला शिकवाल का? माझं नेमकं कुठं चुकतंय कळत नाही." संध्याकाळ झाली, मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही. तुला मात्र एवढं सगळं लिहिलं, कारण तुला लिहिलेलं कुणी वाचणार नाही.