कोणाचं गाऱ्हाणं

११ जानेवारी, शनिवार

आलो एकदाचे मुलुंडला! लालबागची चाळ पाडायला घेतलीये, नवी इमारत उभी राहीपर्यंत इथे भाड्याने. सातवा मजला, दोन बेडरूम, आणि खिडकी उघडली की समोर थेट डोंगर. सिद्धेशला व्हिडिओ पाठवलाय. नवरा बोटीवर, कुठल्या समुद्रात आहे देव जाणे, नेटवर्क मिळेल तेव्हा बघेल. जान्हवी, म्हणजे आमची पाच वर्षांची बया, घरातला प्रत्येक नळ उघडून बघून आली. माझ्या बाबांनी देव कुठल्या भिंतीला ठेवायचे यावरून घोळ घातला. गिरणी बंद पडली तरी अजून भोंग्याच्या वेळेला उठणारा माणूस, त्यांच्याशी कोण वाद घालणार? शेवटी त्यांचंच खरं झालं. मी आज भांडायचं नाही असं ठरवलं होतं. घर झकास आहे.

१४ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या सुगंधाताई आल्या. बँकेतून निवृत्त झाल्यात, आता सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी ध्यानाचा वर्ग घेतात, शाळेची बस गेली की लगेच. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येकाच्या मनाला एक दार असतं आणि आपण ते जन्मभर आतून दाबून धरतो. ते उघडलं की देणग्या मिळतात. कुणाच्या हाताला गुण येतो, कुणाला पुढचं दिसतं. जे येईल त्याला अडवायचं नाही, एवढंच. मी म्हटलं, आमची भांडीवाली वेळेवर आली तरी मला देणगी पावली. त्या हसल्या नाहीत. पण बाई प्रेमळ आहेत. जाईन म्हणते.

१७ जानेवारी

गेले. झोपले. मस्त झोपले! सुगंधाताई म्हणाल्या, सुरुवातीला असंच होतं.

२० जानेवारी

आज गंमत झाली. डोळे मिटल्यावर आतून कुणीतरी बोलतंय असं वाटलं. शब्द कळेनात, पण चाल ओळखीची. एक ओळ, थांबा. एक ओळ, थांबा. अगदी गाऱ्हाणं!

आमच्या चाळीत, गावच्या जत्रेत, एक म्हातारा देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि त्याच्या प्रत्येक ओळीला बाकीचे एका सुरात म्हणतात, व्हय म्हाराजा. आम्ही पोरं लक्ष देत नसू. डोळा प्रसादावर आणि तोंडाने व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. तसंच आज झालं. तो आतला थांबला की माझं तोंड आपोआप बोलून जायचं. नंतर लाज वाटली, सगळ्यांनी ऐकलं असणार. सुगंधाताई मात्र खूश. इतक्या वर्षांत वर्गात कुणालाच आवाज आला नव्हता म्हणे, त्यांना स्वतःलाही नाही. तू भाग्याची, म्हणाल्या.

२३ जानेवारी

चौथ्या मजल्यावरची दिपाली लिफ्टमध्ये रडकुंडीला आलेली. कानातलं हरवलं, सासूने दिलेलं. आणि मला एकदम दिसलं. वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबरात अडकलेलं. मी तिचं घर आतून पाहिलेलंही नाही! तिने जाऊन बघितलं, तिथेच होतं. दिपालीने मला मिठी मारली. अंगावर काटा आला, पण खोटं का बोलू, भारी वाटलं.

२८ जानेवारी

माझी वट आहे बिल्डिंगमध्ये. कुणाची लॉकरची चावी, कुणाचा पासपोर्ट, वॉचमनचा मोबाईल. सगळं सांगितलं, सगळं सापडलं. रोज ध्यानात तो बोलतो, मी व्हय म्हणते, आणि दिवसभर डोकं आरशासारखं लख्ख.

जान्हवी आज बाथरूम समजून स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच उभी राहिली. नवीन घर, व्हायचंच.

१ फेब्रुवारी

जानू बसमधून उतरेना. बसवाल्या ताई म्हणाल्या, हिला गेट ओळखता येत नाही. वर आलो तर ती शेजारच्या दारासमोर जाऊन उभी. मी हाक मारली, तिने मागे वळून पाहिलं नाही. डॉक्टरांकडे नेलं. कान ठीक, डोळे ठीक, जागा बदलल्याचा ताण असेल म्हणाले. मला भीती वाटली. आज पहिल्यांदा वाटली.

४ फेब्रुवारी

चपात्या लाटत होते. ध्यान नाही, काही नाही, डोळे उघडे. बाबा येऊन माझ्या मागे उभे राहिले. हात धरला माझा.

"तू कोणाच्या गाऱ्हाण्याक व्हय म्हणतंस गो?"

मला कळलंच नव्हतं की मी बोलतेय.

मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, तो मागतो काय? मला सांगता येईना. मी ऐकलंच नव्हतं कधी. चाल ऐकली आणि होकार देत गेले. बाबा खाली बसले. म्हणाले, मागणारा मागून मोकळा होतो, बांधला जातो तो व्हय म्हणणारा.

६ फेब्रुवारी

आज कान देऊन ऐकलं. शब्द कळले.

हिका सगळ्यांचा हरवलेला गावांदे. आणि हिच्या घरातला धाकटा हरवांदे.

हिला सगळ्यांचं हरवलेलं सापडू दे, आणि हिच्या घरातलं धाकटं हरवू दे. इतके दिवस हेच. रोज हेच. आणि मी, तिची आई—

ऐकत असतानाही तोंडातून व्हय गेलं. दाबून धरलं तरी गेलं.

७ फेब्रुवारी

वर्ग सोडला. उपयोग नाही. भाजी चिरताना येतो, केस विंचरताना येतो. सुगंधाताईंचे पाय धरले, म्हटलं दार बंद कसं करायचं ते शिकवा. त्या गोंधळल्या. बंद करायचं त्यांना कुणी शिकवलंच नाही. कधी गरज पडली नाही म्हणाल्या. रडल्या बिचाऱ्या. त्यांच्या रडण्याने माझी पोर परत येणार आहे का?

सिद्धेशचा फोन लागत नाही.

८ फेब्रुवारी

जानूने मला काकू म्हटलं. विचारलं, काकू, माझी आई कधी येणार?

बाबा म्हणतात एकच वाट आहे. गाऱ्हाणं गाऱ्हाण्यानेच फिरतं. घालणारा घरातला हवा, आणि व्हय म्हणणारी तीच हवी जिने आधी म्हटलं. ते देवापुढे बसून मागणार, लेकराला सोड, त्याच्या बदल्यात मला ने. आणि प्रत्येक ओळीला मी व्हय म्हणायचं. बापाला ने म्हणायचं. मी किंचाळले त्यांच्यावर. त्यांनी शांतपणे जानूला भात भरवला. तिला घास कुठे न्यायचा तेही आठवत नाही आता. तोंडाऐवजी गालाला लावते.

मी हो म्हटलं. देवा, मी हो म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळ. बाबा नारळ आणायला गेले, जानूला कडेवर घेऊन. तिला घरात ठेवायला तयार नव्हते.

लवकर आले. एकटेच. जानूला दिपालीकडे ठेवलं म्हणाले, तिच्या कानावर नको. नारळ मिळाला नाही, त्याशिवाय चालेल म्हणाले.

समोर बसलेत. मी वही घेऊन बसलेय. या वेळी न ऐकता होकार नाही. आधी लिहायचं, मग म्हणायचं.

बा देवा म्हाराजा, आज ही लेक तुझ्यासमोर बसलीहा.

व्हय म्हाराजा.

तिना जा काय मागला, ता तू तिका दिलंस.

व्हय म्हाराजा. तोंड लेखणीच्या पुढे जातंय—

आता घरची जी माणसां दाराभायर गेली, ती भायरच ऱ्हवांदेत.

व्हय म्हा

नाही. हे काय बोलले बाबा? घरची माणसं बाहेरच राहू देत? मी लिहिलं तेव्हा कळलं. बोलून गेले होते.

फोन वाजतोय. बाबांचं नाव. बाबा तर समोर—

उचलला. बाबाच. धापा टाकतायत. नारळ मिळाला, जानू कडेवर आहे, लिफ्ट बंद म्हणून जिना चढतायत, कधीचे चढतायत, प्रत्येक मजल्यावर सहावाच लिहिलंय, सातवा येतच नाही—

मागून जानू. आई, आई करतेय. ओळखलं तिने. मला हाका मारून रडतेय—

बाबा ओरडतायत, कोणी बसला असात तर त्याका व्हय म्हणू नको, तोंड बांध—

समोरचा हसला नाही, काही नाही. पुढची ओळ म्हणाला. लेकराचं नाव घेऊन म्हणाला. आता थांबलाय. वाट बघतोय.

ओढणी कोंबलीये तोंडात. घशापर्यंत. आवाज निघत नाही. निघणार नाही. जानू, आई नाही म्हणतेय गं, आई नाही—

मान. माझी मान वरखाली हल—