जिथे बालाजीराव, तिथे रेकॉर्डी

मी, सुंदरी बालाजीराव घाटगे, वय ६४, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार अण्णा नगर, चेन्नई, हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवत आहे. हृदय थकले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके शाबूत आहे, हेही त्यांनीच लिहून दिले आहे. वकील म्हणाले, इंग्रजीत करा. पण मनातले इंग्रजीत फक्त गाता येते मला. माझी तंजावरी मराठी शेजारच्या ऋजुताने नीट करून दिली आहे.

१. माझ्या नावावरचा राहता फ्लॅट पतींनी हयातभर वापरावा. त्यांच्यानंतर तो मुलगी कीर्तना हिचा. तिने वडिलांना बंगळूरला नेले तरी माझी हरकत नाही.

२. रेकॉर्ड प्लेअर, स्पीकर आणि अमेरिकी सोल संगीताच्या सर्व रेकॉर्डी मी पतींना देते. ते जिथे राहतील तिथे त्या राहतील आणि रोज वाजतील.

कारण लिहिते. लग्नाआधी मी हॉटेलच्या बँडमध्ये ही गाणी गात असे. लग्नानंतर स्वयंपाक करताना गुणगुणले, ते यांनी ऐकले. देवळातल्या नागस्वरापलीकडे काही न ऐकलेला हा माणूस बंदराजवळच्या जॉर्ज टाउनला, खलाशांकडून माल घेणाऱ्या दुकानात गेला आणि म्हणाला, “ते अमेरिकेतले लोक जीव तोडून गातात ना, त्यांची एक द्या.” दुकानदाराने बरोबर मी गुणगुणत असे तीच दिली. पुढे रविवारी आमच्याकडे ऐकणारे जमू लागले, ते आजतागायत.

चार वर्षांपूर्वी यांना पक्षाघात झाला. वाचा गेली; माझे नावही येईना. मी रविवार बंद केला नाही. एकदा रेकॉर्ड ध्रुवपदावर आली आणि खुर्चीतून हे गाऊ लागले. शब्द स्वच्छ. ऋजुताच्या हातातली कॉफी सांडली. डॉक्टर म्हणाले, बोलणे गेले तरी गाणे कधी कधी उरते. तेव्हापासून तहान लागली की हे त्याच चालीवर “तण्णी” म्हणून पाणी मागतात.

कीर्तना, तू फोनवर म्हणालीस, “अम्मा, पुरे कर. गाणं येतं अन् माझं नाव येत नाही, हे ऐकवत नाही मला.” बाळा, नाव नुसते विचारू नकोस. चालीत घाल. कुठली रेकॉर्ड लावायची ते ऋजुताला माहीत आहे. मी करून पाहिले आहे. ‘की’ लांबतो, पण पूर्ण येते.

३. पतींच्या पश्चात रेकॉर्डी रविवारच्या मंडळींच्या. सांभाळ ऋजुताने करावा. एकही विकू नये. ओरखडे आहेत म्हणून कोणी नव्या आणू नयेत.

४. थोरला भाऊ नागोजी याला मी काही ठेवलेले नाही. घाटग्यांकडे लग्न ठरताच माझे गाणे त्याने बंद केले. हॉटेलात येऊन, सगळ्यांसमोर माईक काढून घेतला. म्हणाला, “घाटगे काय म्हणतील?” घाटग्यांनी तर रेकॉर्डी आणल्या. आम्ही वर्षानुवर्षे बोललो नाही.

यांच्या आजारपणात तो आला. दारात चपला काढत होता, तेव्हा आत हे गात होते आणि मीही बरोबर गात होते. तो तिथेच बसला. गाणे संपल्यावर म्हणाला, “सुंदरी, अणिक एकदा म्हण गे.” मी म्हटले. माफी त्याने मागितली नाही, मीही मागून घेतली नाही. त्यानंतर तो एकही रविवार चुकवत नाही.

ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असा कायदा आहे. आणि या कागदावर मला माझ्या भावाची सही हवी होती.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

सही: सुंदरी बालाजीराव घाटगे

साक्षीदार:
१. डॉ. राजगोपाल, अण्णा नगर
२. नागोजी, सुंदरीचा भाऊ

चेन्नई, रविवार, ११ फेब्रुवारी २००७