धुळ्याच्या मैदानावरचा आवाज

रावेर, रविवार

प्रिय प्राची,

सप्रेम जय भीम. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. तुझ्या आईचे गुडघे थंडी सरल्यापासून जरा ऐकतात. फोन असताना पप्पांनी कागद कशाला काढला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला दोन वाक्यांत गप्प करतेस, आणि हे सांगताना मी एकदा थांबलो तर पुन्हा सुरू करणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून सुट्टीचा दिवस बघून बसलोय. अक्षर समजून घे. आठवडाभर केळीच्या फण्या पाण्यातून काढून काढून बोटं आखडलीत.

धुळ्याच्या बेसबॉलच्या मॅचला नक्की काय झालं, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, हरलो, दुसरं काय. तू तो व्हिडिओ बघितलास, पण तो चाळीस सेकंदांचा आहे. मी तिथं तीन तास होतो.

तुझ्या या धाकट्या भावाचा, प्रशीलचा हात तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तो नऊ वर्षांचा असताना तू घरामागच्या भिंतीला जुनी गादी टांगायचीस आणि ओढणी कमरेला बांधून तिच्यापुढे बसायचीस. एकदा बॉल तुझ्या ओठावर बसला. मोरीत पाय घसरला असं तू आईला सांगितलंस, आणि मी ते खरं मानल्यासारखं केलं. तेव्हापासून त्याचं तसंच आहे. वेग असा, की कॅचरच्या मोज्यात बॉल आपटला की फटाका वाजल्यासारखा आवाज येतो. पण बॉल जाईल कुठं, ते त्यालाही सांगता येत नाही. त्याचे कोच अमृत सर मला म्हणाले होते, "देवचंदभाऊ, असा हात आपल्या जिल्ह्यात दुसरा नाही. फक्त तो ताब्यात यायला दोन वर्षं लागतील. तेवढी दोन वर्षं लोकांनी द्यायला पाहिजेत."

लोकांनी नाही दिली. जळगावच्या पहिल्या सामन्यात लोक हसले. चार बॉल बाहेर गेले की समोरचा बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो, आणि प्रशीलनं एका इनिंगमध्ये असे तीन जण पाठवले. दुसऱ्या सामन्यात लोकांचं हसू गेलं, सुस्कारे आले. तिसऱ्यात आपलेच लोक मोठ्यानं मोजायला लागले. एक! दोन! तीन! आणि चौथा बाहेर गेला की सगळा मंडप "चाऽऽर!" करायचा. मी ते मोजणं झोपेतही ऐकायचो. प्रशील घरी येऊन नेहमीसारखा जेवायचा, भांडं घासून ठेवायचा आणि मागच्या भिंतीवर अंधार पडेपर्यंत फेकत राहायचा. एकदा मी म्हटलं, "अरे, हळू टाक ना, नेमका तरी जाईल." तो म्हणाला, "पप्पा, हळू टाकला तर तो माझा बॉल नाही." मला राग आला होता. आता वाटतं, त्याला जे कळत होतं ते मला कळत नव्हतं.

जिल्ह्यांची फायनल धुळ्याला होती, धुळ्याशीच. लखीचंदशेठनी आमच्या केळीच्या पॅकिंग हाऊसची पिकअप दिली, आम्ही अकरा जण गेलो. मी वाटेत पारोळ्यापर्यंत प्रशीलबद्दल बोलत होतो. शेठ म्हणाले, "देवचंद, आज पोरानं नाव काढलं तर उद्या सगळ्यांना सुट्टी." माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

पहिल्या दोन इनिंग त्यानं उत्तम टाकल्या. तिसऱ्यात दोघांना फुकट पाठवलं, आणि आपल्या मंडपात मोजणं सुरू झालं. लखीचंदशेठ माझ्याकडे बघेनात. आमच्या पॅकिंगमधला चिंधा मान खाली घालून शेंगा सोलत बसला. ती माझ्यावरची दया होती, आणि तीच मला सोसेना. पाणी पिऊन येतो असं सांगून मी उठलो आणि मैदानाला वळसा घालून पलीकडच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. शेजारी अमळनेरकडचे एक गृहस्थ होते, अभिमनभाऊ. तेही जळगावच्याच बाजूचे. त्यांनी शेव-मुरमुऱ्यांचा पुडा पुढे केला आणि विचारलं, "तुमनं कोनी शे का टीममा?" मी म्हटलं, नाही, सहज आलोय बघायला.

हे वाचून थांब थोडं. मीही लिहून थांबलो होतो.

सातवी, म्हणजे शेवटची इनिंग. आपण चार-दोननं पुढे. दोन बॅटर बाद. फक्त एक हवा होता. अमृत सरांनी बॉल प्रशीलकडेच ठेवला होता. त्यानंतरचा पहिला बॅटर, चार बॉल, बेसवर. दुसरा, तसाच. तिसऱ्याला दोन स्ट्राइक बसल्या, अजून एक बसली की सामना आपला. त्या अशा बसल्या, की धुळ्याचे लोकसुद्धा "अरे बापरे" म्हणाले. मग पुढचे चारही बाहेर. तिन्ही बेस भरले. आता मोजणारे फक्त आपलेच नव्हते, सगळं मैदान मोजत होतं, धुळेकर आनंदानं आणि आपले चिडून. चौथ्या बॅटरलाही चार बॉल गेले आणि बेस भरलेले असल्यानं एक रन आयता आत आला. चार-तीन. अभिमनभाऊंनी मुरमुऱ्यांचा पुडा चुरगाळला. "बठ्ठं वाटोळं करी टाकं यानी! कोना पोऱ्या शे हाऊ?" प्रशील टोपी काढून कपाळ पुसत होता, पुन्हा घालत होता, पुन्हा काढत होता. लहानपणी परीक्षेला जाताना करायचा तसं. कॅचर त्याच्याकडे धावत गेला, काही बोलला, परत आला. क्षणभर मैदान गप्प झालं.

त्या शांततेत पायऱ्यांवरून तो आवाज आला. "काढा त्याला! घरी पाठवा! त्याच्या हातात बॉल देऊ नका!"

प्रशीलनं मान वळवून पायऱ्यांकडे बघितलं. मग बॉल टाकला. तो सरळ बॅटरच्या गालावर बसला, हेल्मेटच्या खाली. राजदीप नावाचा मुलगा, अठरा वर्षांचा. तो खाली बसला आणि त्याच्या बोटांतून रक्त आलं. सगळ्यांच्या आधी त्याच्याजवळ पोहोचला तो प्रशील. अंगाला बॉल लागला तरी बेस मिळतो, म्हणून त्यावरही एक रन गेला. चार-चार. प्रशीलच्या जागी दुसरा पिचर आला, त्याच्या बॉलवर धुळ्यानं हिट मारली, पाचवा रन आला आणि सामना संपला. अमृत सर प्रशीलच्या खांद्यावर हात ठेवायला गेले तेव्हा तो तिथं नव्हता. जखमीला घेऊन निघालेल्या गाडीत तो बसून गेला होता.

मी पिकअपमधून बाकीच्या दहा जणांबरोबर रावेरला परत आलो.

प्रशील दुसऱ्या दिवशी दुपारी आला. राजदीपच्या गालाला चार टाके, एक दात तुटला, बाकी ठीक. दवाखान्यात राजदीपची आजी होती, द्रौपदाबाई. तिनं आधी याला चांगलंच झापलं, मग डब्यातली भाकरी अर्धी करून दिली आणि विचारलं, तू कोनाना रे बाबा? यानं सांगितलं, रावेरच्या देवचंदचा. हे सगळं त्यानं तुझ्या आईला सांगितलं. मी पलीकडच्या खोलीत चप्पल शिवत बसलो होतो.

मग तो व्हिडिओ आला. पायऱ्यांवरच्याच कुणीतरी काढलेला. प्रशील टोपी काढतो, घालतो, तो आवाज, मग तो बॉल. वर कुणी गाणं चिकटवलेलं. जिल्हाभर फिरला. पॅकिंग हाऊसमध्ये चिंधानं मला दाखवला आणि लगेच मोबाईल खिशात टाकला. तू तिकडे नाशिकला ड्युटी संपवून तो बघितलास, रात्रभर रडलीस आणि ग्रुपवर लिहिलंस, की ज्यानं हे ओरडलं त्याला पोरंबाळं नसतील. मला फोन करून म्हणालीस, "पप्पा, तुम्ही तिथंच होतात ना? शोधा तो माणूस. मला त्याच्याशी बोलायचंय." मी म्हटलं, गर्दीत कोण ओळखू येतं.

प्राची, तो माणूस मी आहे.

गोंगाटात आवाज फाटलाय, म्हणून तुला ओळखू आला नाही. मी महिनाभर स्वतःला सांगत होतो, की पोराला त्या हालांतून सोडवायला मी ओरडलो. बाहेर काढलं असतं तर मोजणं थांबलं असतं. तसं नव्हतं ते. अभिमनभाऊ विचारत होते, कोणाचा पोरगा आहे हा, आणि मला लाज वाटली. माझ्या पोराची लाज वाटली. मी त्यांच्यातला एक आहे, त्याच्यातला नाही, हे दाखवायला मी ओरडलो. लोकांचं मोजणं बाहेरून येत होतं. ते त्यानं तीन सामने सोसलं. हे त्याला घरातून आलं.

त्याला माहीत आहे. गेल्या बुधवारी तो ओट्याजवळ उभा राहून कानात वायर घालून तो व्हिडिओ बघत होता. एकदा बघितला, मागे नेला, पुन्हा बघितला. मी दारातच उभा होतो. त्यानं वायर काढली, गुंडाळली आणि म्हणाला, "पप्पा, जेवून घ्या. आईनं शेवभाजी केलीय." इतकंच. नंतर जेवताना मला दुसऱ्यांदा वाढलं. तो चिडला असता तर मी आज हा कागद घेतला नसता.

उद्या सकाळच्या गाडीनं तो नाशिकला तुझ्याकडे येतोय, विद्यापीठाच्या संघाच्या ट्रायलला. जा म्हणून राजदीपनंच फोन करून मागे लागून त्याला तयार केलं. मी ट्रायलला यायचं का, हे मी त्याला विचारलेलं नाही. त्याला सरळ लिहायला तीनदा बसलो. "प्रिय प्रशील" एवढं लिहून पुढे हात चालेना. तुला मात्र लिहिता आलं. म्हणून हे पत्र तुझ्या नावानं लिहिलं आणि पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. स्टेशनवर ते त्याच्या हातात देणार आहे आणि सांगणार आहे, की वाटेत वाच, मग ताईला दे. तुझ्यापर्यंत आलं तर समज, त्यानं वाचलंय. तुला मला जे बोलायचं असेल ते फोन करून बोल, मी ऐकेन. पण तो काय म्हणाला, हे मला सांगू नकोस. ते त्याचं आहे. त्याला वाटलं तर तो सांगेल, नाही वाटलं तर मी विचारणार नाही.

तुझाच,
पप्पा